दुखणे आले की दोषी कोण?



घरात कोणी आजारी पडले की आपण आधी गोळी आणतो, मग डॉक्टरकडे जातो. आठ-पंधरा दिवस जातात. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येतो, पण माणूस काही उठत नाही. रात्री झोपत नाही, जेवत नाही, स्वतःशीच बोलतो किंवा नुसता भिंतीकडे बघत बसतो. मग घरात हलक्या आवाजात कुजबुज सुरू होते, "हे साधे दुखणे दिसत नाही. बाहेरचे असेल." कोणी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायला सांगते. कोणी अंधार पडल्यावर गुपचूप भगताकडे जाऊन येते. कोणी धर्मगुरूंकडे येऊन म्हणते, "फादर, घरी येऊन जरा पवित्र पाणी शिंपडा, कोणीतरी काहीतरी केलेय."

या लोकांना हसू नये. ते घाबरलेले असतात आणि त्यांचा प्रश्न प्रामाणिक असतो. शिवाय ते आपल्याला अडचणीत टाकणारा मुद्दा मांडतात, "फादर, प्रभू येशूने स्वतः भुते काढली. मग आजार भुतामुळे होत नाही असे तुम्ही कसे म्हणता?" या प्रश्नाला टाळाटाळ न करता उत्तर दिले पाहिजे. आज तसा प्रयत्न करू या.

एकाच दिवसातील दोन घटना

'ब' वर्षाच्या पूजाचक्रात सामान्य काळाच्या चौथ्या आणि पाचव्या रविवारी आपण मार्ककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय ऐकतो. दोन रविवारी वाचला जात असला तरी त्यातला प्रसंग एकाच शब्बाथ दिवसाचा आहे. सकाळी कफर्णहूमच्या सभास्थानात अशुद्ध आत्म्याने पछाडलेला माणूस ओरडतो. येशू त्या आत्म्याला गप्प राहायला सांगून बाहेर काढतो. तेथून निघून तो सरळ शिमोनाच्या घरी जातो. शिमोनाची सासू तापाने अंथरुणावर पडली आहे. येशू तिच्याजवळ जातो, तिचा हात धरून तिला उठवतो. मार्क येथे कोणत्याही आत्म्याचे नाव घेत नाही. ताप म्हणजे ताप.

त्या संध्याकाळी गावातले लोक दारापाशी जमतात. मार्क सांगतो की येशूने नाना प्रकारच्या रोग्यांना बरे केले आणि पुष्कळ भुते काढली. म्हणजे मार्कच्या लेखी या दोन गोष्टी आहेत. मत्तयही चौथ्या अध्यायात आजारी, भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती अशी वेगवेगळी नावे घेतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेखक सगळ्या दुखण्यांना एकाच दोरीने बांधत नाहीत. आपण मात्र कधी कधी बांधतो.

पौलाच्या पत्रांतही हेच दिसते. त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारात पोहोचला होता. त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मिलेत येथे ठेवून पुढे जावे लागले. तीमथ्याचे पोट वारंवार बिघडत असे, तेव्हा त्याने थोडा द्राक्षारस घ्यावा असा सल्ला त्याला लिहिलेल्या पत्रात आहे. पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता. यांपैकी एकाच्याही दुखण्याला कोणी भूतबाधा म्हटलेले नाही.

जिथे संबंध जोडलेला आहे

पण येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पवित्र शास्त्रात काही ठिकाणी आजार आणि दुष्ट शक्ती यांचा संबंध नक्कीच जोडलेला आहे. ईयोबाच्या अंगावर सैतान गळवे उठवतो. शौल राजाला दुरात्मा छळतो आणि दावीद वीणा वाजवू लागला की त्याला बरे वाटते. अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या बाईला सैतानाने बांधून ठेवले होते, असे लूकच्या तेराव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो. पौल आपल्या शरीरातल्या काट्याला सैतानाचा दूत म्हणतो.

सर्वांत जास्त विचारला जातो तो मार्कच्या नवव्या अध्यायातला मुलगा. तो जमिनीवर पडतो, त्याच्या तोंडाला फेस येतो, दात करकरतात, अंग ताठ होते. कधी तो विस्तवात पडतो, कधी पाण्यात. आजचा कोणताही डॉक्टर हे वर्णन वाचून फिट म्हणजे अपस्मार हेच नाव घेईल. मार्क त्याला मुका आत्मा लागल्याचे म्हणतो. मत्तयाने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'चंद्राची बाधा झालेला' असा होतो, कारण चंद्रामुळे झटके येतात अशी त्या काळची समजूत होती. गंमत अशी की येशूच्या जन्मापूर्वी सुमारे चारशे वर्षे, हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रीक ग्रंथाने हा आजार देवाच्या कोपाने होत नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे मांडले होते. पण हे ज्ञान गालीलच्या खेड्यापाड्यांतल्या लोकांपर्यंत पोहोचले नव्हते.

मग येशूने चुकीचे निदान केले का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात याला उत्तर देणारी दिशा दाखवली. पवित्र शास्त्र आपल्या तारणासाठी आवश्यक असलेले सत्य खात्रीने शिकवते, आणि ते वाचताना लेखकाचा काळ व त्याची लिहिण्याची पद्धत लक्षात घ्यावी लागते. शुभवर्तमान हे वैद्यकाचे पाठ्यपुस्तक नव्हे. देवाचा पुत्र आपल्यातला एक झाला, तेव्हा तो त्या लोकांची भाषा बोलला. या मुलाच्या बाबतीत नेमके काय घडले यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. सैतान नाहीच, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. पण फिट येणाऱ्या प्रत्येक मुलाला भूत लागले आहे, असेही ती म्हणत नाही.

या प्रसंगातली एक गोष्ट मात्र वादाच्या पलीकडची आहे. येशू बापाला विचारतो, याला हे कधीपासून होते आहे? एखादा चांगला डॉक्टर हाच प्रश्न विचारतो. तुम्ही काय पाप केले, किंवा तुमचे कोणाशी वैर आहे, असे येशू विचारत नाही. शेवटी तो मुलाचा हात धरून त्याला उठवतो. शिमोनाच्या सासूला उठवले होते तसेच. कारण काहीही असो, रोग्याशी वागण्याची येशूची रीत एकच आहे.

आरोप करणारा आणि कैवार घेणारा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ज्या ठिकाणी शास्त्र आजारामागे दुष्ट शक्ती आहे म्हणते, त्या ठिकाणी तरी रोग्याला किंवा शेजाऱ्याला दोष द्यायची मुभा मिळते का?

ईयोबाचे पुस्तक पाहा. सैतानाने काय केले हे वाचकाला पहिल्या दोन अध्यायांतच कळते. ईयोबाला मात्र ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. त्याचे मित्र येतात आणि तुझे काहीतरी चुकले असणार, असे त्याला पुन्हा पुन्हा सुनावतात. शेवटी देवाचा राग कोणावर भडकतो? आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर मित्रांवर.

आपल्या कॅथलिक बायबलमधले तोबीतचे पुस्तक या विषयासाठी फार मोलाचे आहे. त्यात दोन दुःखी माणसे आहेत. म्हातारा तोबीत आंधळा होतो. का? अंगणात भिंतीपाशी झोपला असताना चिमण्यांची विष्ठा त्याच्या डोळ्यांत पडली म्हणून. इतके साधे कारण! दुसरी आहे सारा. तिचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेले आणि ते अस्मोदेयस नावाच्या दुरात्म्याने मारले, असे पुस्तक सांगते. म्हणजे एकाच पुस्तकात एक दुःख नैसर्गिक कारणाने आले आहे आणि दुसरे दुरात्म्यामुळे. पण साराच्या घरातली मोलकरीण काय म्हणते? तूच नवऱ्यांना खाल्लेस, असा आरोप ती करते. तो ऐकून सारा वरच्या खोलीत जाऊन गळफास घ्यायचा विचार करते. दुरात्म्याने तिचे नवरे मारले, पण तिला स्वतःला मरणाच्या उंबरठ्यावर नेले ते माणसाच्या जिभेने. आपल्याकडे पांढऱ्या पायाची म्हणून हिणवली गेलेली विधवा या साराची सख्खी बहीण आहे.

योहानच्या नवव्या अध्यायात शिष्यही हीच चूक करतात. जन्मांध माणूस समोर दिसताच ते विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? कोणाचेच नाही, असे येशू उत्तर देतो, आणि लगेच कामाला लागतो. माती कालवतो, डोळ्यांना लावतो, शिलोहच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्यांची नजर मागे, दोषी शोधण्याकडे लागलेली आहे. येशूची पुढे, देवाचे काम करण्याकडे.

'सैतान' या हिब्रू शब्दाचा अर्थ विरोधक, न्यायासनासमोर आरोप करणारा असा आहे. त्याच्यासाठी वापरलेल्या 'दियाबोलोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ निंदा करणारा, चहाडखोर. उलट योहानच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला 'पाराक्लेतोस' म्हटले आहे. म्हणजे आरोप झालेल्याच्या बाजूने उभा राहणारा, त्याचा कैवारी. बंधुभगिनींनो, हे दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवून बघा. एखाद्या घरात तरुण मुलीला झटके येतात. शेजारची म्हातारी करणी करते, अशी आवई उठते. मग त्या म्हातारीकडे कोणी पाणी पीत नाही, मुले तिच्या दारावरून पळत जातात, सणाला तिच्याकडे कोणी फिरकत नाही. या गोष्टीत सैतान कुठे आहे? मुलीच्या झटक्यात त्याला शोधायची गरज नाही. तो त्या आवईत आहे.

शुभवर्तमानात सैतान शिरला असे ज्याच्याबद्दल स्पष्ट म्हटले आहे, तो यहूदा इस्कार्योत धडधाकट होता. त्याला फिट येत नव्हती, ताप नव्हता. पैशांची पिशवी तो सांभाळत होता. येशूने ज्याला सैताना, असे संबोधून मागे हटवले तो पेत्रही ठणठणीत होता. दुष्टाचे खरे काम शास्त्र खोटेपणात, लोभात, द्वेषात आणि फुटीत दाखवते. तिथे बघायला आपल्याला आवडत नाही, कारण ती जागा आपल्या फार जवळची असते.

देव करतो की डॉक्टर?

काहीजण म्हणतात, "फादर, औषधावर भरवसा ठेवला तर देवावरचा विश्वास कमी झाला नाही का?" संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याचे जे उत्तर दिले ते आजही पुरेसे आहे. देव हा पहिले कारण आहे. निसर्गातल्या वस्तू आणि माणसे ही दुय्यम कारणे आहेत. दोन्ही कारणे एकाच कामात पूर्णपणे असतात, अर्धे काम देवाचे आणि अर्धे डॉक्टरचे असे नव्हे. शेतात भात पिकते ते पावसाने, खताने आणि शेतकऱ्याच्या घामाने. तरी जेवणापूर्वी आपण देवाचे आभार मानतो आणि त्यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. मग गोळीने ताप उतरला तर देवाचे श्रेय कमी का व्हावे?

या विचारात आणखी एक शिकवण आहे. एखाद्या आजाराचे कारण आपल्याला कळत नाही, म्हणून ते अलौकिक आहे असे ठरत नाही. त्यावरून एवढेच सिद्ध होते की आपल्याला कळलेले नाही. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ भूत सापडले असा नव्हे. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया यांसारखे आजार नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाहीत, पण ते खरे आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत.

सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय घरी जरूर वाचा. वैद्याचा मान ठेवा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले. औषधे देवाने जमिनीतून उत्पन्न केली, शहाणा माणूस त्यांना तुच्छ मानत नाही. आजारपणात प्रार्थना करा, मन शुद्ध करा आणि मग वैद्याला त्याची जागा द्या. अशी त्या अध्यायाची शिकवण आहे. प्रार्थना आणि औषध यांत भांडण लावणारे आपण आहोत. शास्त्राने ते लावलेले नाही.

ख्रिस्तसभेची सावधगिरी आणि एक दुःखद धडा

ही सावधगिरी आजकालच्या विज्ञानाला घाबरून आलेली नाही. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथातच धर्मगुरूला बजावले आहे की कोणाला भूतबाधा झाली आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये. मनाच्या किंवा शरीराच्या विकाराने पीडित असलेल्यांपासून तिचा फरक ओळखावा. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील १,१७२ वा नियम सांगतो की बिशपांच्या खास परवानगीशिवाय कोणालाही भूतबाधित व्यक्तीवर भूतनिवारणाचा विधी करता येत नाही. ती परवानगीही भक्तिमान, ज्ञानी, विवेकी आणि निष्कलंक जीवनाच्या धर्मगुरूलाच द्यावी. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथाने स्पष्ट केले की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही वेगळी बाब आहे आणि त्यावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे.

ही सावधगिरी पुरेशी पाळली नाही तर काय होते, हे जर्मनीतल्या क्लिंगेनबर्ग गावाने दाखवले. तेथील एका धर्मनिष्ठ कॅथलिक कुटुंबातल्या विद्यार्थिनीला अपस्माराचे झटके येत होते आणि तिच्यावर अनेक वर्षे उपचार झाले होते. पुढे तिला आवाज ऐकू येऊ लागले. तिला भूतबाधा झाली आहे असे ठरले. १९७५ च्या सप्टेंबरपासून सुमारे दहा महिने तिच्यावर ६७ वेळा विधी करण्यात आला. बिशपांची परवानगी होती, धर्मगुरूंचा हेतू चांगला होता, आईबापांचे तिच्यावर प्रेम होते. पण तिने खाणे जवळजवळ सोडले तेव्हा कोणी डॉक्टरला बोलावले नाही. १ जुलै १९७६ रोजी ती उपासमारीने मरण पावली. वय २३, वजन सुमारे ३० किलो. १९७८ साली न्यायालयाने आईबाप आणि दोन्ही धर्मगुरूंना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवले.

ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या अंधश्रद्धेची नाही. ती आपल्याच घरातली आहे. विश्वास होता, परवानगी होती, प्रेमही होते. डॉक्टर तेवढा नव्हता.

आपल्या महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने कोणाला बांधणे, मारणे, अमुक माणूस करणी करतो असे सांगून त्याचे जगणे कठीण करणे, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर औषधोपचारापासून रोखणे, हे सर्व त्या कायद्याने गुन्हे आहेत. हा कायदा श्रद्धेच्या विरुद्ध नाही. ईयोबाच्या मित्रांना देवाने जे सांगितले तेच तो आपल्या भाषेत सांगतो.

मग आपण काय करायचे?

कोणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, झटका किती वेळ टिकतो ते घड्याळात बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. मनाच्या आजारासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६.

आणि धर्मगुरूलाही बोलवा. जरूर बोलवा. भूत काढण्यासाठी नव्हे, तर याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे रोग्यासाठी प्रार्थना करायला आणि त्याला तेलाभ्यंग करायला. हा संस्कार फक्त शेवटच्या श्वासाचा नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनाही तो घेता येतो. कधी रोगी बरा होईल, कधी होणार नाही. पौलाने तीनदा विनवणी केली तरी त्याचा काटा निघाला नाही. त्याला कृपा मिळाली आणि तो काट्यासह चालत राहिला. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे आजार मुक्कामाला आहे त्यांना, तुमची श्रद्धा कमी पडली, असे कोणीही म्हणू नये. पौलाची श्रद्धा कमी होती असे कोण म्हणेल?

गरसेकरांच्या प्रदेशातला तो माणूस आठवा. गावाने त्याला साखळदंडांनी बांधले होते, तो कबरींमध्ये राहत होता. शुद्धीवर आल्यावर त्याला येशूबरोबर जायचे होते. पण येशूने त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे परत पाठवले. येशूचे बरे करणे त्याच्या घराच्या दारापर्यंत पोहोचले. पुढचे काम घरातल्यांचे होते. दार उघडायचे, पाट मांडायचा, बस म्हणायचे.

आपल्या धर्मग्रामातही अशी दारे आहेत. काही बंद आहेत, कारण आतल्या आजाऱ्याची घरच्यांना लाज वाटते. काही बंद आहेत, कारण त्या घरावर लोकांनी शिक्का मारला आहे. या आठवड्यात त्यांपैकी एका दारावर जा. 'कोणी केले' हे विचारू नका. 'कसे आहात' एवढे विचारा आणि थोडा वेळ बसा.

कैवारी पवित्र आत्मा आपणा सर्वांबरोबर राहो.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू